दोन जुन्या होड्या

समुद्रकांठीं राहणाऱ्या माणसास होडी ही दुसऱ्या घरासारखी असते. घराची डागडुजी जशी दरवर्षीं करावी लागते, तशी होडीचीही करावी लागते. फरक इतकाच कीं घर गळूं लागलें तर अंथरूण भिजतें, आणि होडी गळूं लागली तर माणसें बुडतात. आमच्या शाळेंत किनाऱ्यावरील वस्त्यांतून येणारे पुष्कळ विद्यार्थी आहेत. त्यांच्या घरीं होडीविषयीं जीं बोलणीं चालतात तीं माझ्या परिचयाचीं आहेत. कारण माझें आजोळ वसईच्या खाडीच्या मुखाशीं, पाचूबंदर येथें आहे, आणि माझ्या लहानपणच्या बहुतेक सुट्ट्या तेथेंच गेल्या. वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहावें असें ठरलें, तेव्हां ज्या विषयावर मीं आजोळीं सर्वांत अधिक वाद ऐकिले, तोच विषय निवडावा असें मनांत आलें. तो विषय असा: जुनी शिडाची होडी आणि जुनी इंजिनाची होडी ह्या दोहोंपैकीं कोणतीची निगा राखणें अधिक कठीण?

ह्या प्रश्नाचें उत्तर किनाऱ्यावर ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणें मिळतें. म्हातारे तांडेल म्हणतात, “शिडाला पोट नव्हतें, वारा फुकट होता.” तरुण म्हणतात, “वाऱ्याची वाट पाहत बसलों असतों, तर बाजारांत पोहोंचण्याआधींच मासळी कुजली असती.” दोघांचेंही म्हणणें खरें आहे, परंतु दोघेही होडी चालविण्याविषयीं बोलतात, होडी राखण्याविषयीं नव्हे. होडी नवी असतां चालविण्याचा विचार पुरतो. ती जुनी झाली म्हणजे राखण्याचा विचार पुढें येतो. सामान्य कुटुंबाच्या नशिबीं नवी होडी क्वचित् येते. पुष्कळ कुटुंबें जुन्या होडीवरच जगतात. म्हणून हा प्रश्न केवळ वादाचा नाहीं, चुलीचा आहे.

मीं जवळून पाहिलेल्या होड्या दोन. पहिली माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. ती सागवानी, एका डोलकाठीची व तिरक्या शिडाची होती. मी ती पाहूं लागलों तेव्हां १९८० नंतरचीं वर्षें चालू होतीं, आणि होडी माझ्या आईहून वयानें मोठी होती. आसपासच्या बहुतेक होड्यांत तोंवर इंजिनें बसलीं होतीं. आजोबांची होडी शेवटच्या थोड्या शिडाच्या होड्यांपैकीं एक होती. दुसरी होडी माझ्या मोठ्या मामांची. तीही लांकडीच; परंतु तींत एक जुनें, दुसऱ्याकडून विकत घेतलेलें डिझेल इंजिन होतें. दोन्ही होड्या बोंबलासाठीं डोल जाळें लावण्यास जात. किनारा एक, काम एक, घर एक. त्यामुळें तुलना करण्यास ह्याहून सोयीचें उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं.

प्रथम दोहोंस समान असलेला भाग पाहूं. तो म्हणजे होडीचें लांकडी अंग. समुद्राच्या पाण्यांत लांकूड पोखरणारा एक प्राणी असतो. त्यास टेरेडो म्हणतात. दिसावयास तो किड्यासारखा असला तरी शिंपल्याच्या कुळांतला आहे. त्याची शिंपी लहान होऊन डोक्याच्या टोंकाशीं राहिली आहे, व तिच्या धारदार कडांनीं तो लांकूड खरवडीत आंत शिरतो. शिरण्याचें छिद्र टांचणीच्या डोक्याएवढें असतें. आंत मात्र भुयारांची जाळी होते. बाहेरून फळी धड दिसते आणि एके दिवशीं पायाखालीं पिचते. १७३१ सालीं हॉलंडांतील समुद्राच्या बांधांचे लांकडी खांब ह्या प्राण्यानें पोखरल्याचें आढळून आलें, तेव्हां तो सबंध देश घाबरून गेला होता. पुढें मार्क ब्रुनेल ह्या अभियंत्यानें ह्याच प्राण्याची रीत पाहून भुयार खोदण्याची युक्ति बसविली असें सांगतात. त्या युक्तीनें लंडन शहरीं थेम्स नदीखालीं काढलेला बोगदा १८४३ सालीं लोकांसाठीं खुला झाला. शत्रूकडूनही विद्या घ्यावी ती अशी.

ह्या प्राण्यापासून होडी वांचवावयाची तर ती उधाणाच्या भरतीस किनाऱ्यावर चढवावी लागते. तळास लागलेलें शेवाळ व शिंपल्यांचा थर खरवडून काढावा लागतो, लांकूड वाळवावें लागतें, फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून वर राळ भरावी लागते, आणि मग माशाचें किंवा काजूच्या टरफलाचें तेल अंगभर चोपडावें लागतें. वाळवणेंही बेतानेंच. फार दिवस उन्हांत राहिली तर फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि पाण्यांत लोटतांच होडी चाळणीसारखी गळूं लागते. पावसाळ्यांत होड्या वर ओढून झांपांनीं शाकारून ठेवतात, त्यांत पाऊस व ऊन दोहोंपासून लांकडाचा बचाव हाच हेतु असतो. हें सर्व आजोबा करीत व मामाही करीत. इंजिन बसविल्यानें ह्यांतलें एकही काम कमी झालें नाहीं. उलट एक वाढलें. इंजिनाची थरथर दिवसभर फळ्यांना व खिळ्यांना हलवीत राहते, त्यामुळें सांधे लवकर ढिले होतात. जुन्या अंगावर जुनें इंजिन बसविलें म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या मानेवर दुसरें जूं ठेवल्यासारखें होतें.

आतां शिडाकडे वळूं. वारा फुकट असतो, पण वारा धरणारें कापड फुकट नसतें. ओलें शीड तसेंच गुंडाळून ठेवलें तर त्यावर बुरशी चढते आणि कापड कुजतें. उन्हांत फार राहिलें तर सूत जळल्यासारखें होऊन फाटतें. दोर ज्या ठिकाणीं घासतो त्याच ठिकाणीं झिजतो, म्हणून तो अधूनमधून सरकवून बांधावा लागतो. डोलकाठीचा पाया जेथें तळांत बसतो तेथें पाणी मुरून लांकूड कुजतें. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मच्छीमार आपलीं शिडें टिकावीं म्हणून काथाच्या पाण्यांत भिजवून घेत, व तीं तांबूस दिसत. तो काथ हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथून जाई. ज्या खैराचा काथ आपल्याकडे पानाबरोबर खाल्ला जातो, त्यानेंच दूरच्या समुद्रावरील शिडांचें आयुष्य वाढविलें, हें आपल्या मुलांस ठाऊक असावें.

शिडाच्या होडीचा मोठा गुण हा कीं तिचे दोष डोळ्यांस दिसतात. आजोबा रोज सकाळीं होडीवर चढले म्हणजे आधीं वर पाहत, मग दोरावरून हात फिरवीत, मग वांकून तळाचें पाणी पाहत. काल जितकें पाणी उपसलें त्याहून आज अधिक आहे का, एवढें त्यांस पुरे होई. त्यांस अक्षरओळख नव्हती. पण होडीचें अंग हीच त्यांची पाटी होती, आणि तिच्यावरील प्रत्येक अक्षर ते वाचीत. फाटलेली शिवण, पिंजलेला दोर, वाजणारी फळी, हीं सर्व वेळेवर हांक मारीत. आणि हांक ऐकूं आली कीं सुई, दाभण, हातोडा व तेलाचा डबा एवढ्यावर काम भागे. पैसा थोडा लागे.

परंतु येथें थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण म्हातारे तांडेल ती सांगत नाहींत. पैसा थोडा लागे, कारण श्रमाचा हिशेब कोणी मांडीत नसे. शीड शिवावयास आजी बसे, जोडीला मावश्या बसत. सणावारीं दुसऱ्यांच्या घरीं पक्वान्नें चाललेलीं असतां आमच्या आजोळच्या ओटीवर शिडाचें कापड पसरलेलें असे. माझी मोठी मावशी चौथीनंतर शाळेंत गेली नाहीं. तिला अभ्यास जड जात होता असें नाहीं. ती आजही पाढे बिनचूक म्हणते. घरांत हात कमी होते, एवढेंच कारण. मामांचेंही तेंच झालें. शीड चढवावयास व वल्हीं मारावयास माणसें लागत, म्हणून ते दहाव्या वर्षीं होडीवर गेले. ज्या होडीस पोट नव्हतें असें आपण म्हणतों, तिनें दोन मुलांची शाळा गिळली होती. जुन्याचें कौतुक करतांना हा जमाखर्च विसरूं नये.

इंजिनाचा इतिहास ह्या मानानें अगदीं अलीकडचा आहे. १८८६ सालीं गॉटलीब डाइमलर ह्यानें जर्मनींतील नेकार नदीवर एका लहान नावेंत आपलें पेट्रोलचें इंजिन बसवून पाहिलें. रुडॉल्फ डिझेल ह्याचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी झालें, आणि १९१२ सालीं ‘सेलांडिया’ हें महासागर ओलांडणारें मोठें डिझेल जहाज डेन्मार्कमध्यें तयार झालें. आपल्या देशांत १९५२ सालीं नॉर्वेशीं करार होऊन केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या नावांस इंजिनें देण्याचें काम सुरू झालें. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आपल्या किनाऱ्यावरही तीच लाट आली व शिडें एकामागून एक उतरलीं. ह्या बदलाचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. ज्या दिवशीं वारा पडे त्या दिवशीं वल्हीं मारून खलाशांच्या हातांची सालें निघत; इंजिनानें तें संपविलें. मासळी ताजी येऊं लागली, दूरचा समुद्र जवळ आला, आणि पुष्कळ मुलें होडीवरून सुटून शाळेंत आलीं.

पण इंजिनाचें मागणें शिडाच्या मागण्याहून निराळें असतें. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं तिच्याच उष्णतेनें तेल पेटतें. ही उष्णता सारखी बाहेर काढावी लागते, आणि त्यासाठीं पंपानें समुद्राचें पाणी आंत ओढून इंजिनाभोंवतीं फिरवितात. जाळीवर प्लास्टिकची एक पिशवी येऊन बसली तरी हें पाणी बंद होतें. तेलाच्या टांकींत रात्रीच्या दमटपणानें पाणी साचतें व तें गाळणींत येतें. वंगणाचें तेल ठरलेल्या तासांनंतर बदलावें लागतें; तें काळें झालें आहे हें उघडून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत जो दांडा जातो तो एका रेषेंत असावा लागतो. परंतु लांकडी होडी भरती-ओहोटीला, ओझ्याला व उन्हाला वांकते, आणि दांड्याची रेषा केसभर बिघडली तरी बुडें झिजूं लागतात.

ह्या दांड्याविषयीं एक गंमत आहे, ती मुलांनीं लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे. दांडा होडीच्या अंगांतून ज्या ठिकाणीं बाहेर पडतो तेथें पाणी आंत येऊं नये म्हणून तेलकट दोरी दाबून बसवितात. इंजिन चालू असतां त्या ठिकाणीं थेंब थेंब पाणी गळणें हें निरोगीपणाचें लक्षण आहे! त्या पाण्यानेंच दांडा थंड राहतो. गळती पुरी बंद करावी म्हणून कोणी तें घट्ट आंवळलें तर दांडा तापून खरवडला जातो, आणि गळती कायमची होते. शिडाच्या होडींत प्रत्येक थेंब शत्रु होता; इंजिनाच्या होडींत कोणता थेंब मित्र व कोणता शत्रु हें शिकावें लागतें.

धातूचा प्रश्नही तसाच. खाऱ्या पाण्यांत दोन निरनिराळे धातु एकमेकांस जोडलेले असले म्हणजे विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो व त्यांतला एक धातु झिजूं लागतो. सर हंफ्री डेव्ही ह्या शास्त्रज्ञानें १८२४ सालीं ब्रिटिश आरमारासाठीं ह्यावर उपाय शोधला. जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे मारीत. त्यांस जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर जस्त वा लोखंड झिजतें आणि तांबें वांचतें. उपाय शास्त्रदृष्ट्या अचूक निघाला. परंतु तांबें झिजेनासें झालें तेव्हां त्यावर शिंपले व शेवाळ दाट वाढूं लागलें, जहाजें मंद चालूं लागलीं, आणि आरमारानें तो उपाय सोडून दिला. आज मात्र पंख्याजवळ जस्ताची वडी बसविण्याची रीत सर्वत्र आहे. ती वडी झिजून गेली कीं पंखा झिजूं लागतो. वडी पाण्याखालीं असते. ती संपल्याचें कोणी येऊन सांगत नाहीं.

सारांश, इंजिनाचे दोष लपलेले असतात. आणि लपलेला दोष काय करतो हें आमच्या घरानें १९९८ सालच्या ऑगस्टमध्यें पाहिलें. मी त्या वेळीं महाविद्यालयांत होतों व सुट्टीसाठीं आजोळीं आलों होतों. पावसाळ्याची विश्रांति संपून मामांची होडी पुन्हां समुद्रावर जाऊं लागली होती. अंगाला तेल लावलें होतें, रंग दिला होता, नारळही वाहिला होता. दुसऱ्याच फेरीस, परततांना, इंजिन तापून बंद पडलें. ओहोटी चालू होती, नैर्ऋत्येचा वारा होता, खडक जवळ होते. होडींत मामा व चार खलाशी होते. जागा अधिक मिळावी म्हणून डोलकाठी कित्येक वर्षांपूर्वींच काढून टाकली होती. त्यामुळें वारा असूनही त्याचा उपयोग नव्हता. त्यांनीं नांगर टाकला. नांगर धरून राहिला म्हणून आज ही गोष्ट मी शांतपणें लिहीत आहें. सबंध रात्र आजी कंदील घेऊन किनाऱ्यावर बसून होती. पहांटे दुसऱ्या एका नाखव्यानें त्यांना पाहिलें व दोर लावून ओढून आणलें.

इंजिन उघडलें तेव्हां कारण सांपडलें. पंपांत पाणी ढकलणारें एक रबरी चक्र असतें. तळहातावर मावेल एवढें तें असतें व त्याला पाकळ्या असतात. पावसाळ्यांत दोन महिने इंजिन उभें होतें, तेव्हां त्या पाकळ्या एकाच बाजूस दबून कडक झाल्या व चालूं लागल्यावर एकेक तुटल्या. उभें ठेवतांना तें चक्र काढून ठेवावयाचें असतें, हें मामांस कोणी सांगितलेलें नव्हतें. त्या चक्राची किंमत एका दिवसाच्या मासळीएवढीही नव्हती. इंजिनाच्या दुरुस्तीस मात्र सबंध हंगामाची मिळकत गेली. आजोबांनीं तें तुटलेलें चक्र हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें आणि विचारलें, “हें तुला दिसलें कसें नाहीं?” मामा म्हणाले, “बाबा, हें आंत असतें.” आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जें दिसत नाहीं तें लिहून ठेवावें लागेल.”

अक्षरशत्रु म्हाताऱ्याच्या तोंडचें हें वाक्य मीं पुढें अनेक वर्गांत सांगितलें आहे. शिडाची होडी रोज दिसते, म्हणून ती स्मरणावर चालते. इंजिनाची होडी दिसत नाहीं, म्हणून ती लिखाणावर चालली पाहिजे. त्या दिवसापासून मामांच्या घरीं एक वही आली. तेल कधीं बदललें, गाळणी कधीं धुतली, जस्ताची वडी कधीं बसविली, इंजिन किती तास चाललें, पावसाळ्यापूर्वीं काय काय काढून ठेवलें, हें सर्व तींत लिहिलें जाऊं लागलें. मामांस लिहिणें जड जाई. म्हणून तें काम त्यांच्या मुलाकडे आलें. तो त्या वेळीं आठवींत होता. हंगामाची मिळकत गेल्यामुळें त्याला शाळेंतून काढून होडीवर घेण्याचा विचार घरांत चालला होता. पण इंजिनाबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजींत होती आणि ती वाचूं शकणारा घरांत तो एकटाच होता. तो शाळेंत राहिला तर पुस्तिका वाचली जाईल, हा हिशेब मामांनीं केला व तो बरोबर ठरला. पुढें त्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केला. आज ती होडी तोच चालवितो. अंग तेंच आहे, फळ्या कांहीं बदलल्या आहेत, इंजिन तिसरें आहे. आणि वह्या आतां एका पेटीभर झाल्या आहेत. त्या वह्यांतून एक गोष्ट उघड दिसते: ज्या वर्षीं नोंदी नियमित आहेत त्या वर्षीं खर्च लहान लहान व वारंवार आहे, ज्या वर्षीं नोंदी तुटक आहेत त्याच्या पुढच्या वर्षीं एकच मोठा आंकडा आहे.

ह्यावरून शिडाची जहाजें आपोआप टिकतात असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं सागवानांत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यांत उतरली, आणि आज दोन शतकांनंतरही ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. सागाची थोरवी त्यांत आहेच; परंतु तिला पूर्वरूपास आणण्याचें काम १९९० मध्यें सुरू झालें तें २००१ मध्यें संपलें, हेंही ध्यानीं घेतलें पाहिजे. तसेंच आपल्या आरमारांतील सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ ह्या गोव्यांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून २०१७-१८ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. ती नौका नवी होती. तरी परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड होऊन त्यांस मॉरिशस येथें ठरलेलें नसतां थांबावें लागलें. समुद्र नव्यालाही सवलत देत नाहीं. मग जुन्यास कोठून देणार?

जुनेपणाची आणखी एक अडचण दोन्ही होड्यांस सारखीच आहे, पण ती येते निराळ्या वाटेनें. जुन्या इंजिनाचे सुटे भाग कारखान्यांतून येईनासे होतात. मग लेथवर घडवून घ्यावे लागतात किंवा दुसऱ्या मोडक्या इंजिनांतून काढावे लागतात. जुन्या शिडाच्या होडीस असे भाग लागत नाहींत. तिला लांकूड, सूत व राळ लागते, आणि तीं अजून मिळतात. मिळत नाहीं तो माणूस. आजोबांच्या होडीचे सांधे भरणारा सुतार वारल्यावर तसा दुसरा मिळाला नाहीं. त्याच्या मुलांनीं दुसरे धंदे धरले होते, आणि त्यांत त्यांचा दोष नव्हता. दोन पावसाळे होडी किनाऱ्यावर पडून राहिली व १९९३ सालीं मोडून काढली. तिची डोलकाठी आज आजोळच्या घराचें आढें झाली आहे. एका होडीचा भाग दुकानांतून नाहींसा होतो, दुसरीचा गांवांतून.

तर मग मूळ प्रश्नाचें उत्तर काय? माझ्या समजुतीनें असें: निगा दोन्ही होड्या सारखीच मागतात, पण निरनिराळ्या नाण्यांत मागतात. शिडाची होडी रोजचे हात मागते. इंजिनाची होडी पैसा, शिक्षण आणि ठरल्या दिवशीं ठरलेलें काम करण्याची शिस्त मागते. एकीचें देणें थकलें तर ती कुरकुरते. दुसरी कांहीं न बोलतां सोसते आणि भर समुद्रांत हिशेब चुकता करून घेते. म्हणून जुनी इंजिनाची होडी घेणाऱ्यानें किंमत ठरवितांना रंग पाहूं नये. वही आहे का, हें आधीं विचारावें. आणि शक्य असेल तर एक लहान डोलकाठी व शीड होडींत ठेवावें. ज्या रात्रीं पंखा फिरत नाहीं त्या रात्रीं वाऱ्याचा उपयोग करतां आला पाहिजे.

किनाऱ्यावरील पालकांस माझी एक विनंती आहे. होडी संकटांत आली म्हणजे मुलास शाळेंतून काढण्याचा विचार प्रथम मनांत येतो. शिडाच्या काळीं त्याला निदान कारण होतें. होडीस हात हवे होते, आणि होडीवर गेलेला मुलगा होडीची विद्या होडीवरच शिकत असे. आजच्या होडीस हातांइतकेंच वाचतां-लिहितां येणारें डोकें हवें आहे. जो मुलगा तास व लिटर ह्यांचा हिशेब मांडूं शकतो, पुस्तिका वाचूं शकतो, धातु कां झिजतो हें रसायनाच्या धड्यांत शिकला आहे, तो आपल्या होडीस चार खलाशांहून अधिक उपयोगी आहे. आणि मुलींविषयींही हेंच म्हणावयाचें आहे. वही लिहावयास मुलगाच पाहिजे असें नाहीं. माझ्या मावशीचे पाढे अजूनही बिनचूक आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं सर्वच कांहीं होडीवर जाणार नाहींत. पण प्रत्येकाच्या हातीं कांहीं ना कांहीं जुनी वस्तु येईल: वडिलांची सायकल, घराचें छप्पर, विहिरीवरचा पंप. ती आल्यावर आधीं हें पाहा कीं तिचे दोष दिसणारे आहेत कीं लपणारे. दिसणारे असतील तर रोज सकाळीं डोळे उघडे ठेवा. लपणारे असतील तर एक वही घ्या, पहिल्या पानावर तारीख घाला, आणि काम केलें त्याच दिवशीं तें लिहून ठेवा.